ॲपवरची गाडी पहिल्यांदा बोलावताना

आजचा विषय कळल्यावर काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. वालूरात बसून मोबाइलवर बटण दाबलं आणि टॅक्सी दारात आली, अशी सोय इथं नाही. मग इथं येऊन ॲपच्या टॅक्सीवर बोलायचं कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण आपल्या गावातून कोण कोण बाहेर जातं ते जरा डोळ्यांसमोर आणा. कुणाचं लेकरू पुण्यात शिकतं, कुणाची परीक्षा छत्रपती संभाजीनगरला असते, कुणाला तपासणीसाठी मुंबईला टाटा हॉस्पिटल गाठायचं असतं. सेलूच्या स्टेशनवर गाडीत बसवून द्यायला घरचे सगळे येतात. उतरल्यावर मात्र माणूस एकटा असतो. रात्रभर झोप नाही, हातात पिशव्या, सोबत आजारी माणूस, आणि समोर दहा जण विचारतात, ‘कुठं जायचं काका?’ त्या दहा मिनिटांसाठी आजचं बोलणं आहे.

आधी एक गोष्ट. वाटून प्रवास करणं आपल्याला नवं नाही. काळी-पिवळीत आपण लहानपणापासून बसतो. जीप भरली की सुटते. भाडं सगळ्यांना माहीत असतं, रस्ता माहीत असतो, आणि पुष्कळदा ड्रायव्हर कुणाचा कोण हेही माहीत असतं. त्या ओळखीवर आपण बिनधास्त लेकीबाळींना बसवून देतो. शहरात ही ओळख नसते. ॲपनं तिच्या जागी नोंद आणली. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि फोटो, निघाल्याची वेळ, रस्ता, भाडं, हे सगळं लिहिलेलं राहतं. नव्या माणसानं शिकायचं ते मुख्यतः ही नोंद वाचायला. बटणं दाबायला कुणीही पाच मिनिटांत शिकतं.

ही व्यवस्था फार जुनी नाही. मुंबईत २००७ च्या सुमारास फोन करून टॅक्सी बोलावण्याच्या सेवा सुरू झाल्या. २०१० साली मुंबईतच ओला सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला उबरच्या गाड्या धावू लागल्या आणि २०१३ मध्ये ती कंपनी बंगळुरूत आली. रॅपिडो २०१५ ची. सुरुवातीला उबरला कार्डानंच पैसे द्यावे लागत. आपल्या लोकांकडं कार्ड कुठलं? शेवटी २०१५ मध्ये हैदराबादला रोख पैसे घेण्याचा प्रयोग झाला आणि मग तो सगळीकडं गेला. म्हणजे आपल्या खिशातल्या नोटांपुढं कंपनीलाही वाकावं लागलं.

कायद्यात या कंपन्यांना ‘ॲग्रिगेटर’ म्हणतात. गाडी ड्रायव्हरची किंवा मालकाची, प्रवासी आपण, आणि दोघांची गाठ घालून देणारी ती कंपनी. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि अशा कंपन्यांना परवाना लागेल असं ठरलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तक्रार कुणाकडं करायची हे त्यावरून कळतं. गाडीत काही बिनसलं तर ड्रायव्हरशी हुज्जत घालत बसायचं नाही. प्रवासाची नोंद ॲपमध्ये असते, तिथूनच तक्रार करायची.

आता आमची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका नातेवाइकाला घेऊन सकाळी दादरला उतरलो. परळच्या दवाखान्यात जायचं होतं. मोठ्या ऐटीत ॲप उघडलं, गाडी बोलावली आणि जिना दिसला त्यानं बाहेर पडलो. गाडी नकाशावर दिसत होती, जवळ आल्यासारखी वाटत होती, पण डोळ्यांना काही दिसेना. ड्रायव्हरचा फोन आला, ‘साहेब, मी ईस्टला उभा आहे.’ आम्ही होतो वेस्टला, फुलबाजाराच्या बाजूला. मधे सगळे रूळ. आजारी माणसाला पुन्हा पूल चढवणं शक्य नव्हतं आणि गाडीला टिळक पुलावरून वळसा घालून यावं लागणार होतं. त्याला थांबवलं, त्यानं वाट पाहिली, शेवटी फेरी रद्द झाली. पैसे गेले ते थोडे, पण दवाखान्यात पोचेपर्यंत आमच्या पुढं शंभरेक माणसं बसली होती. तो सगळा दिवस बाकावर गेला.

चूक कुणाची? आमचीच. ॲपमध्ये एक खूण असते, तिला पिन म्हणतात. गाडी त्या पिनवर येते, आपण उभे असू तिथं येत नाही. मोबाइल आपली जागा उपग्रहावरून ओळखतो. स्टेशनच्या पत्र्याखाली किंवा उंच इमारतींच्या मधे त्याचा अंदाज चुकतो, कधी पन्नास-शंभर मीटरनं. आपल्या शिवारात शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. दादरला शंभर मीटर म्हणजे रुळांच्या पलीकडची बाजू. टाटा हॉस्पिटल परळला, रुळांच्या पूर्वेला आहे. म्हणून दादरला उतरल्यावर आधी पूर्वेला बाहेर पडायचं, रस्त्यावर येऊन एखादं दुकान किंवा बँक बघून उभं राहायचं, पिन बोटानं सरकवून त्या जागेवर आणायची, आणि मग गाडी बोलवायची. फलाटावरून गाडी बोलवायची नाही.

याची तालीम घरी बसून करता येते. गाडी कुठून पाहिजे त्या रकान्यात ‘दादर स्टेशन पूर्व’ लिहा, कुठं जायचं तिथं दवाखान्याचं नाव लिहा. भाड्याचा अंदाज समोर येतो. शेवटचं बटण दाबू नका, एवढंच. वालूरातून दोन-तीनदा असं करून पाहिलं की मुंबईत हात थरथरत नाहीत. ॲप घरीच उतरवून घ्या, मोबाइल नंबरची नोंदणी घरीच उरका. रात्रभराच्या प्रवासात मोबाइल पाहत बसू नका, सकाळी बॅटरी शिल्लक पाहिजे.

गाडी ठरली की चार गोष्टी दिसतात: गाडीचा नंबर, गाडी कोणती ते, ड्रायव्हरचं नाव, आणि एक चार आकडी ओटीपी. गाडी समोर आली की आधी मागची-पुढची नंबरप्लेट वाचायची. रंग पाहून किंवा ‘दवाखाना ना? बसा’ असं ऐकून बसायचं नाही. नंबर जुळला तर दार उघडायचं, आणि बसल्यावर ओटीपी सांगायचा. तो टाकल्याशिवाय प्रवास सुरू झाल्याची नोंद होत नाही. तुम्ही गाडीपाशी पोचायच्या आधीच फोनवर कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका, नाहीतर तुम्ही रस्त्यावर आणि प्रवास चालू असा प्रकार होतो. प्लेटचा रंगही पाहा. भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. विजेवरची भाड्याची गाडी असेल तर प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढरी प्लेट म्हणजे घरची गाडी.

आता भाडं. एसटीचं तिकीट सकाळी आणि संध्याकाळी सारखंच असतं. महिलांना १७ मार्च २०२३ पासून त्यात निम्मी सवलत आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. ॲपचं भाडं तसं नसतं. त्यात अंतर असतं, लागणारा वेळ असतो, आणि त्या घडीला गाड्या किती आणि मागणारे किती याचा हिशेब असतो. पाऊस पडला, लांबच्या गाड्या एकदम आल्या, की भाडं चढतं. आपल्याकडं बाजारात आवक घटली की टोमॅटोचं जे होतं तेच. फरक इतका, की इथं भाव दहा-पंधरा मिनिटांत उतरूही शकतो. घाई नसेल तर चहा घ्या आणि पुन्हा बघा. या चढण्याला सरकारनं मर्यादा घालायला सांगितलं आहे. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूळ भाड्याच्या दीडपट ही मर्यादा होती, जुलै २०२५ च्या नव्या तत्त्वांत ती दुप्पट झाली. मूळ भाडं ठरवायचं काम राज्याचं. विनाकारण फेरी रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के, पण १०० रुपयांपेक्षा जास्त नाही, असा दंड त्यात आहे. तो प्रवाशाला आहे तसा ड्रायव्हरलाही आहे.

म्हणून ड्रायव्हर म्हणाला, ‘तुम्हीच कॅन्सल करा, मी बाहेरून नेतो,’ तर करू नका. एक तर दंड तुमच्या नावावर पडतो. दुसरं म्हणजे नोंद पुसली जाते. आणि मघाशी म्हणालो तसं, अनोळखी शहरात आपला आधार ती नोंदच आहे.

सुरक्षेचं बोलायचं तर एक वाईट घटना आठवावी लागते. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अशा टॅक्सीत एका तरुणीवर अत्याचार झाला. देशभर संताप उसळला, दिल्लीत त्या सेवेवर बंदीही आली. त्यानंतर ॲपमध्ये मदतीचं बटण आलं, आणि आपला प्रवास घरच्यांना दाखवायची सोय रुळली. ती वापरा. ‘शेअर ट्रिप’ दाबलं की वालूरात बसलेल्या माणसाला गाडी कुठं चालली ते नकाशावर दिसतं. अडचण आली तर ११२ नंबर आहेच.

दुसऱ्याही बाजूचं बोललं पाहिजे. समोरचा ड्रायव्हर पुष्कळदा आपल्यासारखाच गावाकडून आलेला असतो. गाडीचा हप्ता असतो, भाड्यातून कंपनीचा वाटा जातो. आपल्या पिनपर्यंत तो रिकामी गाडी घेऊन येतो, त्याचं वेगळं काही मिळतंच असं नाही. आपण दहा मिनिटं उशिरा बाहेर आलो तर त्याची पुढची फेरी जाते. तेव्हा आधी बाहेर उभं राहायचं आणि मग बोलवायचं, यात दोघांचंही भलं आहे. भाषेची अडचण वाटू देऊ नका. ‘दादा, दवाखान्यात जायचंय, सोबत पेशंट आहे’ एवढं म्हटलं तरी माणूस गाडी सावकाश नेतो.

शेवटी काही प्रश्न आलेत, ते घेऊ.

एक मावशी विचारतात, ‘माझ्याकडं साधा फोन आहे, मी काय करू?’ मावशी, तुमचा मुलगा इथून तुमच्यासाठी गाडी बोलावू शकतो. दुसऱ्यासाठी बोलावताना तुमचा नंबर टाकायचा, म्हणजे ड्रायव्हर तुम्हाला फोन करतो. मुलानं गाडीचा नंबर आणि ओटीपी तुम्हाला फोनवर सांगायचा, तुम्ही तो कागदावर लिहून घ्यायचा. पैसे रोख द्या, सुटे जवळ ठेवा.

दुसरा प्रश्न, ‘रिक्षावाला ॲपचं भाडं सोडून मीटरचं मागतो, ते खरं का?’ काही ठिकाणी खरं आहे. रिक्षांच्या बाबतीत काही कंपन्यांनी आता कमिशन सोडून ड्रायव्हरकडून ठरावीक फी घ्यायला सुरुवात केली आहे, आणि भाडं थेट त्याच्या हातात जातं. पुण्यात मीटरनंच पैसे घेण्याचा आग्रह पुष्कळ रिक्षावाले धरतात. बसण्याआधी ‘ॲपचं की मीटरचं?’ एवढं विचारून घ्या. उतरल्यावर वाद नको. आणि दादरसारख्या ठिकाणी मीटरची काळी-पिवळी टॅक्सीही असते. जवळच जायचं असेल तर ती कधी कधी स्वस्त पडते. ॲप आहे म्हणून तेच वापरलं पाहिजे असं नाही.

तिसरा प्रश्न पोरांचा, ‘पुण्याहून येताना कारमधली सीट मिळते, ती हीच सेवा का?’ नाही, ती वेगळी. ब्लाब्लाकारसारखी सेवा २०१५ मध्ये आपल्याकडं आली. त्यात गाडीवाला स्वतःच्या कामानं गावाला निघालेला असतो आणि रिकाम्या सीटा देऊन डिझेल-पेट्रोलचा खर्च वाटून घेतो. म्हणून प्लेट पांढरी असते. शहरातल्या टॅक्सीतही अनोळखी माणसांनी वाटून जायची सोय होती, ती मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा बंद झाली.

चौथा प्रश्न पैशांचा. ‘जास्तीचे पैसे कापले गेले तर कुणाला फोन करायचा?’ इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरला फोन करू नका. तिथं पुष्कळदा भामटे बसलेले असतात. ॲपमध्ये त्या प्रवासावर बोट ठेवा, तिथंच मदतीचा रकाना असतो. पैसे परत मिळायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलात तर १९३० वर लगेच फोन करा.

आता जाता जाता एक करा. आजच, इथंच, आपल्या शेजारी बसलेल्या पोराचा किंवा पोरीचा मोबाइल घ्या आणि ती पिन सरकवून बघा. दादर पूर्वेला नेऊन ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही मंडप उतरेपर्यंत थांबलो आहोत, अडलं तर विचारा.