शहाजीराजांचीं पक्षांतरें व माहुलीचा वेढा

मुरबाड तालुक्यांतील धसई हें गांव सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे. पूर्वेस घाटमाथा व त्यापलीकडे जुन्नर प्रांत. शेजारच्या शहापूर तालुक्यांत माहुलीचा किल्ला. निजामशाही जगविण्याची शहाजीराजे भोसले यांची खटपट इ. स. १६३६ मध्यें याच टापूंत, माहुलीस संपली. वारंवार धनी बदलणारा सरदार असा राजांवर आक्षेप येतो. त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

सरदार सोडून गेला म्हणजे फारसी तवारीखकार त्यास बंडखोर ठरवितो, आणि आपल्याकडे आला म्हणजे त्याच्याच मानमरातबाचें वर्णन करितो. त्यामुळें एकाच पुरुषाचीं दोन चित्रें उभीं राहतात. प्रत्येक पालटाशेजारीं त्याची साल व त्याचें कारण मांडल्यावांचून निर्णय करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

१६२४ मध्यें भातवडीच्या लढाईंत राजे निजामशाहीकडून लढले. बंधु शरीफजी तेथेंच पडले. पुढें मलिक अंबराशीं बेबनाव होऊन ते विजापुरास गेले व सरलष्कर झाले. १६२६ त अंबर व १६२७ त इब्राहीम आदिलशहा निवर्तल्यावर ते निजामशाहींत परतले. १६२९ मध्यें निजामशहानें त्यांचे सासरे लखुजी जाधवराव यांस दौलताबादेस दरबारांत मारविलें. त्यानंतर राजांनीं मोंगलांची मनसब पत्करली. पुढें अंबराचा पुत्र फत्तेखान बादशहास वश झाला, तेव्हां राजांस पूर्वीं दिलेला मुलूख त्यास देण्यांत आला. सरदाराचे स्वार जहागिरीच्या वसुलावर पोसले जात; जहागीर गेली कीं फौज गेली. १६३२ त राजांनीं मोंगलाई सोडली, त्याचें बीज येथें आहे.

१६३३ त दौलताबाद पडून हुसेन निजामशहा ग्वाल्हेरीस कैदेंत गेला. राजांनीं त्याच घराण्यांतील एक मूल पेमगिरीस गादीवर बसविलें. विजापूरचा मुरार जगदेव त्यांचे पाठीशीं होता. परंतु १६३६ त शहाजहान व महंमद आदिलशहा यांचा तह होऊन निजामशाही वांटली गेली. कालचें साह्यकर्ते विजापूरकरच आतां मोंगलांबरोबर राजांचे पाठलागास निघाले. पोर्तुगिजांनीं आश्रय नाकारला. अखेर खानजमान व रणदुल्लाखान यांनीं माहुलीस कोंडी केल्यावर राजांनीं तो बालराजा मोंगलांचे स्वाधीन केला, जुन्नर, त्रिंबक, जीवधन इत्यादि किल्ले सोडले आणि आदिलशाही चाकरी धरिली.

येथें आमचे मतें आक्षेपाचें उत्तर सांपडतें. १६२४ ते १६३६ या बारा वर्षांत इतके पालट करणारा हा पुरुष पुढें १६६४ त होदिगेरे येथें मृत्यु येईपर्यंत आदिलशाहींतच राहिला. १६४८ त जिंजीस कैद होऊनहि सुटकेनंतर त्यानें तो दरबार सोडला नाहीं. चंचलपणा स्वभावांतच असता तर तो या सत्तावीस वर्षांत प्रकट झाल्यावांचून राहता ना. मग बदललें काय? तीन सत्तांच्या ओढाताणींतील मधली सत्ता माहुलीस नाहींशी झाली. तिजबरोबर पालटाचा अवकाशहि गेला. मोंगलांचा मार्ग मात्र अगदीं बंद नव्हता. राजांचे सुटकेकरितां शिवाजीमहाराजांनीं शहाजादा मुरादबक्ष याजकडे संधान बांधलें होतें, हें विसरतां कामा नये.

संग्राहकांस यांतून एक व्यावहारिक बोध घ्यावयाचा आहे. या बारा वर्षांतील कौलनामा, महजर अथवा खुर्दखत हातीं आल्यास मजकुराआधीं शिक्का व सन पाहावा. शुहूर सन मृगारंभीं बदलतो. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे इसवी साल येतें. जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतचे महिने असल्यास ६०० मिळवावे लागतात. हा एकाचा फरक चुकला तर कागद भलत्याच धन्याच्या अमदानींत जाऊन पडतो, आणि जो पालट घडलाच नाहीं तो राजांचे माथीं बसतो.