शासकीय उपचार आणि बाहेरच्या चाचण्या
रुग्णांनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी ध्यानात घ्यावयाच्या काही गोष्टी

सत्तरी, पेडणे वा काणकोण तालुक्यातील एखादा रुग्ण जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात जातो, तेव्हा डॉक्टर त्याला विनामूल्य तपासतात आणि औषधेही बहुधा तेथेच मिळतात. परंतु रक्ताची तपासणी, क्ष-किरण छायाचित्र किंवा सोनोग्राफी यांची चिठ्ठी हाती पडली की तो बाजारातील खाजगी प्रयोगशाळेची वाट धरतो. उपचार सरकारी आणि चाचणी खाजगी, अशी ही विभागणी लोकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तो नियमच असावा असा पुष्कळांचा समज झालेला दिसतो.

हा समज बरोबर नाही. रोगाचे निदान हा उपचाराचाच भाग होय. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला बाहेरच्या चाचण्यांपायी दोन-तीन दिवसांची मजुरी गमवावी लागते. ज्याच्याजवळ तेवढेही पैसे नसतात, तो चाचणी पुढे ढकलतो. मधुमेहाच्या रुग्णाने अशी तपासणी वारंवार टाळली, तर गोळ्यांची मात्रा जुन्याच अंदाजाने चालू राहते आणि मूत्रपिंडावर वा डोळ्यांवर झालेला परिणाम फार उशिरा उघडकीस येतो. औषध फुकट मिळूनही उपचार वाया जातो, तो असा.

चाचण्यांची तरतूद

राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ साली विनामूल्य निदान सेवेचा उपक्रम हाती घेण्यात आला. शासकीय आरोग्य संस्थांत आवश्यक चाचण्या विनामूल्य मिळाव्यात, हा त्याचा हेतू. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०२२ सालच्या आवृत्तीनुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, सामूहिक आरोग्य केंद्रात ९७ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ प्रकारच्या चाचण्यांची सोय अपेक्षित आहे. अपेक्षित सोय आणि प्रत्यक्षातील सोय यांत काही ठिकाणी अंतर असू शकते, हे खरे. तथापि, जी चाचणी आपल्या केंद्रात होत नाही ती वरच्या शासकीय रुग्णालयात होते काय, हे विचारण्यास या आकड्यांनी पुरेसा आधार मिळतो.

काही रुग्णांच्या बाबतीत तरतूद अधिक स्पष्ट आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्याखाली शासकीय संस्थेत येणाऱ्या गरोदर स्त्रीच्या आवश्यक चाचण्या, औषधे, रक्त व प्रसूती विनामूल्य आहेत. एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकासही हा लाभ आहे. क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी, हिवतापासाठी रक्ततपासणी आणि एचआयव्हीची गोपनीय तपासणी यांकरिता शासकीय केंद्रात पैसे द्यावे लागत नाहीत.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला होता. २०२१-२२ साली हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा लक्षणीय असली, तरी उरलेला भार लहान नाही.

विमा कार्डाची मर्यादा

गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली सुरू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाख रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणारी ही योजना आहे. मात्र हे संरक्षण प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी असते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतही दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील चाचण्या व औषधे धरली जातात. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीच्या चाचण्या धरल्या जात नाहीत. म्हणून कार्ड आहे तेव्हा बाहेरच्या चाचणीचे पैसे परत मिळतील, असे कोणी गृहीत धरू नये.

सिंधुदुर्ग, बेळगाव व कारवार भागातील अनेक रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येतात. गोव्याबाहेरील रुग्णांकडून तेथे २०१८ पासून काही सेवांसाठी शुल्क घेण्यास प्रारंभ झाला. अशा रुग्णांनी आपल्या राज्यातील योजनेची चौकशी निघण्यापूर्वीच करून घेणे हिताचे.

महाग चाचणी अचूकच असते काय?

पैसे मोजले म्हणजे निदान अधिक खात्रीचे होते, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. क्षयरोगाच्या निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडे पाहणारी एक चाचणी खाजगी प्रयोगशाळांत बरीच वर्षे प्रचलित होती. ती विश्वासार्ह नसल्याचे स्पष्ट झाल्यावर २०१२ साली केंद्र शासनाने तिच्या संचांची आयात, निर्मिती व विक्री यांवर बंदी घातली. थुंकीची साधी तपासणी विनामूल्य उपलब्ध असताना असंख्य कुटुंबांनी त्या चाचणीवर पैसे खर्च केले होते.

काही रोगांच्या बाबतीत शासकीय यंत्रणा हाच खरा मार्ग असतो. सत्तरी तालुक्यात २०१५ साली काजूच्या बागांत राबणाऱ्या लोकांना माकडतापाची लागण झाली. या रोगाची चाचणी बाजारातील सर्वसाधारण प्रयोगशाळेत होत नाही. काजूच्या हंगामात ताप आल्यास इतर चाचण्यांवर पैसे व दिवस न घालविता थेट आरोग्य केंद्र गाठणेच योग्य.

चाचणी केव्हा करावी, यालाही महत्त्व आहे. डेंग्यूची एनएस-वन ही चाचणी तापाच्या पहिल्या काही दिवसांत उपयोगी पडते. प्रतिपिंडांची चाचणी साधारणतः पाचव्या दिवसानंतर. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी चाचणी महिन्यातून दोनदा करण्याने काहीच साधत नाही. डॉक्टरांनी न सांगता स्वतःहून केलेल्या चाचण्यांचे पैसे पुष्कळदा असेच निरर्थक जातात.

बाहेर जाण्यापूर्वी काय विचारावे?

चिठ्ठी हाती येताच रुग्णाने वा त्याच्या नातेवाइकाने चार गोष्टी विचारून घ्याव्यात. ही चाचणी येथे किंवा जवळच्या दुसऱ्या शासकीय रुग्णालयात होते काय? होत असल्यास कोणत्या दिवशी व किती वाजेपर्यंत नमुना घेतात? आजाराच्या दृष्टीने तेवढे दिवस थांबणे चालेल काय? पूर्वीचा अहवाल उपयोगी पडेल काय? थांबणे धोक्याचे आहे असे डॉक्टर म्हणाल्यास मात्र विलंब करू नये. बाहेर चाचणी करून घ्यावी.

तसे करताना दर आधी विचारावा व पावती घ्यावी. कोणत्याही एका विशिष्ट प्रयोगशाळेतच जाण्याचे बंधन रुग्णावर नसते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत औषधे वा चाचण्या कोठून घ्याव्यात, हे ठरविण्याचा हक्क रुग्णास दिलेला आहे. रुग्ण पाठविल्याबद्दल डॉक्टरने दलाली घेणे हेही वैद्यकीय आचारसंहितेविरुद्ध आहे. दीर्घ आजारात शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, म्हणजे आकड्यांची तुलना नीट होते. सर्व अहवाल तारखेप्रमाणे एका फाईलीत लावून प्रत्येक भेटीच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवावेत. अहवाल हरवला की तीच चाचणी पुन्हा करावी लागते.

कर्मचाऱ्यांचे कर्तव्य

हा भार केवळ रुग्णाच्या दक्षतेने हलका होणार नाही. यंत्र नादुरुस्त असते, रसायने संपलेली असतात, प्रयोगशाळेची वेळ दुपारपूर्वीच आटोपते, आणि दूरच्या वाड्यावरून आलेल्या रुग्णाला दुसरा दिवस मोडणे परवडत नाही. म्हणून कोणत्या चाचण्या विनामूल्य होतात, कोणत्या वेळी होतात आणि आज कोणती सोय बंद आहे, याचा फलक केंद्राच्या दर्शनी भागी मराठीत व कोकणीत लावणे अगत्याचे आहे. रसायनांचा साठा संपण्यापूर्वीच मागणी नोंदवावी. बाहेरची चिठ्ठी लिहिताना जवळच्या शासकीय रुग्णालयाचा पर्यायही रुग्णास सांगावा.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि आशा सेविका यांनी ही माहिती घरोघर पोहोचविल्यास तिचा मोठा उपयोग होईल. ज्या स्त्रीला आपली गरोदरपणातील तपासणी विनामूल्य आहे हे ठाऊक असते, ती तपासणी टाळीत नाही. ज्या गावात इतके साधले, त्या गावाला शासकीय रुग्णालयाचा खरा लाभ होऊ लागला असे म्हणता येईल.