दार कुठं अडलं आहे?

कराडला लागूनच मलकापूर आहे. पुणे–बंगळूर हमरस्ता तिथून जातो. मलकापूरची चोवीस तास पाण्याची योजना साऱ्या महाराष्ट्रात गाजली. घरोघर नळ आले, नळांना मीटर बसले.

अशा गावात एखाद्या दिवशी नळ कोरडा पडला, तर घरची माणसं काय करतात? आधी नळ पाहतात. मग चावी पाहतात. मग मीटरपाशी जातात. मग शेजारी विचारतात, “तुमच्याकडं पाणी आहे का?” तिथंही नसलं, तरच पालिकेत जातात. आतून बाहेर, एकेक पायरी. उगाच कुणी सगळं अंगण उकरत नाही.

इंटरनेट अडलं म्हणजेही असंच करावं.

आता पुष्कळ घरांत तारेचं इंटरनेट आलं आहे. भिंतीवर एक डबी असते. तिला राउटर म्हणतात. काही जण गोठ्यात कॅमेराही बसवतात. समजा, मुलगा पुण्याला नोकरीला आहे. घरी आई-वडील दोघंच. म्हैस व्यायला झाली आहे. मुलाला रात्री पुण्याहून गोठा पाहायचा आहे. घरात कॅमेरा दिसतो, पुण्यात दिसत नाही. मुलगा फोनवर म्हणतो, “आबा, डबी बंद करून परत चालू करा.” आबा दहा वेळा तसं करतात. गुण येत नाही. असं का होतं?

डबी म्हणजे देवडी

वाड्यात माणसं पुष्कळ असतात, पण वाड्याचा पत्ता एकच. देवडीवर गडी बसलेला असतो. राउटर हा तसाच गडी आहे. घरातले मोबाइल, टीव्ही, कॅमेरा यांना तो आतले नंबर देतो. १९२.१६८.१.५ हा असा एक नंबर. तो घरापुरताच चालतो. तसाच नंबर सांगलीतल्या दुसऱ्या घरातही असतो.

आतला माणूस बाहेर काही मागायला गेला, तर गडी ते ध्यानात ठेवतो आणि उत्तर त्यालाच पोचवतो. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, तर गडी त्याला आत सोडत नाही. हे चांगलंच आहे. मात्र आपल्या माणसाला आत घ्यायचं असेल, तर गड्याला आधी सांगून ठेवावं लागतं : “अमुक नंबरच्या दारावर कुणी आलं, तर त्याला कॅमेऱ्याकडं पाठव.” यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पोर्ट म्हणजे दाराचा नंबर. हे नंबर ६५५३५ पर्यंत असतात. कॅमेऱ्याचं चित्र पुष्कळदा ५५४ नंबरच्या दारानं येतं.

गड्याला सांगूनही पाहुणा आत येत नसेल, तर पुढच्या गोष्टी ओळीनं पाहाव्या. राउटरची माहिती मोबाइलवर उघडता येते. घरातल्या शिकल्या मुलामुलीला जवळ बसवावं.

पहिली गोष्ट : कॅमेरा चालू आहे का? घरच्या वायफायवर तो दिसतो का, ते पाहा. घरातच दिसत नसेल, तर दोष राउटरच्या दारात नाही. कॅमेऱ्याची वायर किंवा वीज पाहा.

दुसरी : कॅमेऱ्याचा नंबर बदलला का? वीज जाते, पुन्हा येते. राउटर नव्यानं नंबर वाटतो. काल कॅमेऱ्याला ५ होता, आज ८ मिळाला. गडी मात्र पाहुण्याला अजून ५ नंबरच्या खोलीकडंच पाठवतो. तिथं कुणीच नाही! यावर उपाय सोपा आहे. राउटरमध्ये कॅमेऱ्याचा नंबर कायमचा राखून ठेवावा.

तिसरी : दाराचा नंबर बरोबर आहे का? कॅमेऱ्यात ५५४ आणि राउटरमध्ये ५४५, एवढ्या चुकीनंही काम अडतं. दोन्ही आकडे शेजारी लिहून ताडून पाहा.

चौथी : तपासणी बाहेरून केली का? घरात बसून बाहेरचा पत्ता टाकला, तर पुष्कळ राउटर तो घेतच नाहीत. मग दार उघडं असूनही बंद वाटतं. म्हणून मोबाइलचं वायफाय बंद करा, सिमचं इंटरनेट चालू करा आणि मग पाहा.

पाचवी : घरात दोन देवड्या आहेत का? एक डबी कंपनीनं दिलेली असते. दुसरी आपण बाजारातून आणतो. एका गड्याला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलंच नाही, तर पाहुणा बाहेरच्या देवडीवर अडतो. दोघांनाही सांगावं, नाहीतर एकीचं देवडीचं काम बंद करून घ्यावं.

सहावी : घराचा पत्ता खरोखर आपला आहे का? ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. आपल्या देशात पुष्कळदा काम इथंच अडतं.

इंटरनेटच्या पत्त्यांचा नमुना १९८१ साली ठरला. त्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. तेव्हा ते उदंड वाटले. पुढं जग वाढलं, मोबाइल वाढले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. मग कंपन्यांनी काय केलं? एकच पत्ता अनेक घरांत वाटून दिला. म्हणजे आपल्या वाड्याबाहेर कंपनीची एक मोठी वेस आली. त्या वेशीवरच्या गड्याला आपण काही सांगू शकत नाही. आपल्या देवडीवर कितीही खटपट केली, तरी पाहुणा वेशीतूनच परत जातो.

हे ओळखायचं कसं? राउटरमध्ये बाहेरच्या बाजूचा पत्ता लिहिलेला असतो. तो १० किंवा १९२.१६८ नं सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल, तर पत्ता वाटून घेतलेला आहे असं समजा. (घरात दोन डब्या असतील, तर कंपनीच्या डबीवरचा पत्ता पाहावा.) मग राउटरशी झगडू नका. कंपनीला फोन करून विचारा, “आम्हाला स्वतंत्र पत्ता मिळेल का? महिन्याला किती पैसे पडतील?” नाहीतर कॅमेरा बनवणाऱ्याचं मोबाइल ॲप वापरा. त्यात कॅमेराच आतून बाहेर हाक मारतो, म्हणून वेस आड येत नाही.

पत्ता स्वतंत्र असला, तरी तोही अधूनमधून बदलू शकतो. काल दिसणारा गोठा आज दिसेना, तर तेही पाहावं.

दार उघडलं, तर कडी कुणाच्या हाती?

उघड्या दारातून आपला मुलगा येतो, तसा चोरही येतो. २०१६ साली चोरट्यांनी जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांना कुलूप फोडावं लागलं नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. त्याच यंत्रांचा मारा करून त्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइटी बंद पाडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

म्हणून दार उघडण्याआधी पासवर्ड बदला. तो लांब ठेवा. लागेल तेवढंच एक दार उघडा. “सगळी दारं एकदम उघडून टाका, काम होईल,” असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका. म्हैस व्याली, काम झालं, की दार लावून घ्या. घरात बायामाणसं असतात, निजायची जागा असते. तिथं कॅमेरा असेल, तर त्याचं दार बाहेर उघडूच नये.

यंत्र रुसत नाही की सूड घेत नाही. ते कुठंतरी अडतं, आणि अडतं ते कारणानं. कारण सापडलं, की निम्मं काम झालं. आणि कारण आपल्या घरात नाही हे कळलं, तरी फुकटची खटपट वाचते. मग योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारता येतो.