लाटांच्या परवानगीने

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रिम्सबी बंदरात एके काळी मासेमारीच्या बोटींची दाटी असे. आता तिथून समुद्रातल्या पवनचक्क्यांची देखभाल चालते. त्यांतला ‘हॉर्नसी वन’ प्रकल्प किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर आत आहे. तिथे १७४ पवनचक्क्या आहेत, प्रत्येकी ७ मेगावॉटच्या. एवढ्या लांब रोज जा-ये करण्यापेक्षा तंत्रज्ञ मोठ्या जहाजावरच मुक्काम ठोकतात.

किनाऱ्याजवळच्या प्रकल्पांना मात्र लहान बोटी पुरतात, आणि नियोजनाची खरी कसोटी त्यांच्याच वेळापत्रकात दिसते. दुरुस्त्यांची यादी तयार असते, सुटे भाग आलेले असतात, तरी नियोजनाच्या खोलीतल्या सगळ्यांचे डोळे लाटांच्या उंचीच्या आकड्यावर. मर्यादा साधारण दीड मीटर. हा दीड मीटर फसवा आहे. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी, त्यामुळे एखादी लाट जवळजवळ दुप्पटही येते. बोट नाकाकडचं रबर चक्कीच्या खांबाला टेकवून इंजिनाच्या जोरावर तिथेच रेटून धरते आणि माणूस शिडीवर पाऊल टाकतो. त्या क्षणी बोट घसरली तर काय होईल, हे तिथे कुणी बोलून दाखवत नाही.

पुढे हिशोब उलटा मांडायचा. सहा तासांच्या कामाला सहा तासांची उघडीप पुरत नाही. जायला वेळ, एकेका चक्कीवर माणसं उतरवायला वेळ, संध्याकाळी तितकीच परत गोळा करायला वेळ. शेवटची टोळी बोटीत परत येईपर्यंत समुद्र शांत राहणार नसेल, तर सकाळ कितीही सुंदर असो, फेरी रद्द. नियोजन करणाऱ्याचं कसब मला या नकारातच दिसलं.

वारा जोरात तेव्हा वीज भरपूर, पण तेव्हाच बंद पडलेल्या चक्कीपर्यंत पोचता येत नाही. म्हणून मोठी कामं उन्हाळ्यात, वारा मंद असताना उरकतात.

आपल्याकडे गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी केंद्राने २०२४ मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केलं. गुजरातच्या बाजूला जोराचा वारा पावसाळ्यात, आणि कोकणातले नाखवे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात तेही तेव्हाच. गुजरातकडची मोठी उस्तवार मेअखेर संपवावी लागेल. जूनमध्ये बिघडलेल्या चक्कीला मग उघडीप मिळेपर्यंत थांबणं आलं, तेही ऐन कमाईच्या दिवसांत.