कांझीची युक्ती

माकडाची गोष्ट हवी? ऐका मग. पण हे माकड नव्हे हं, बोनोबो. चिंपांझीचा चुलतभाऊ. नाव कांझी, मुक्काम अमेरिका. १९९०च्या सुमारास निक टॉथ नावाच्या संशोधकाने त्याच्यापुढे एक पेटी ठेवली. आत खाऊ, पेटीला दोरी. टॉथनी दगडावर दगड हाणून धारदार कपची काढली आणि दोरी कापून दाखवली.

कांझीला मतलब लगेच कळला. हाणायचा बिचारा, पण निघायच्या बारीकसारीक टवक्या. शेवटी त्याने काय करावं? दगड उचलला आणि फरशीवर दाणकन आपटला! तुकडे उडाले, त्यातला धारेचा वेचला, दोरी कापली, खाऊ मटकावला. मग फरशीवर गालिचा अंथरला, तर पठ्ठ्याने गालिचाच बाजूला सारला. मी तर त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

टॉथना मात्र हाताचा घाव हवा होता, आणि खरी मेख तिथेच आहे रे. नुसता जोर कामाचा नाही. आधी दगड फिरवून फिरवून कड शोधायची, ९० अंशांहून कमी कोनाची. तिच्या जरासं आत तिरपा घाव घालायचा. मग शिंपल्यासारखी वळणदार कपची सुटते, आणि घाव बसला त्याच्या लगेच खाली तिच्या पोटावर टेंगूळ राहतं. हात लावून बघा, बोटाला लागतं. टेंगूळ दिसलं, एकाच गोट्यावरून ओळीने कपच्या काढल्याच्या खुणा दिसल्या, की संशोधकांचे डोळे चमकतात: हे कुणीतरी मुद्दाम घडवलंय!

इथिओपियात गोना इथे अशी हत्यारं मिळाली, २६ लाख वर्षांपूर्वीची. पुढे कांझीलाही हाताचा घाव थोडाफार जमला, पण त्याच्या कपच्या गोनाच्या शेजारी मांडल्या, तर गोनाचा कारागीर सरस ठरला.

आणि २०११ साली केनियात, तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला, सोनिया हारमाँ आणि जेसन लुईस यांची तुकडी वाट चुकली. चुकली ती बरंच झालं! लोमेक्वीला त्यांना ३३ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं सापडली. केवढी? काही तर १५ किलोंची! ती बनवायची रीत म्हणजे, दोन्ही हातांनी धोंडा धरून खालच्या दगडावर आपटायचा. कांझीचीच युक्ती की ही.

पण आपल्या होमो कुळाचं सर्वांत जुनं हाड सुमारे २८ लाख वर्षांचं. मग धोंडे आपटले कुणी? जवळपासच १९९९ साली केनियांथ्रोपस नावाच्या मानवसदृश प्राण्याची कवटी मिळाली होती, काळही साधारण तोच. संशय त्याच्यावर आहे. पण कवटीवरून हाताचं काम कसं ओळखायचं?