जुन्या जीपला नवा अल्टरनेटर



ज्यांच्या घरीं वडिलांच्या वेळची एकादी मोटार अद्याप चालती आहे, त्यांस ती नुसतें वाहन वाटत नाहीं. घरांतल्या वडीलधाऱ्या माणसासारखा तिचा मान असतो. परंतु वडीलधाऱ्या माणसाप्रमाणेंच तिलाही मधून मधून वैद्य लागतो, आणि वैद्यानें सुचविलेलें महाग औषध खरोखर मानवेल काय, असा प्रश्न पडतो. आज अशाच एका औषधाविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें. मोटारींत वीज निर्माण करणारें यंत्र थकलें, तर त्याच्या जागीं दुसरें कोणतें बसवावें?

चंद्रपुरास माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या वडिलांनीं लांकडाच्या व्यापारासाठीं घेतलेली पेट्रोलवरची महिंद्र जीप त्यांनीं जिवापाड जपली आहे. ती घेतली तेव्हां आलापल्ली, अहेरी, सिरोंचा हा सारा सागवानी मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांतच मोडत असे; गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. एका पावसाळ्याच्या अखेरीस स्नेही ही जीप घेऊन आलापल्लीहून पेरमिलीच्या वाटेनें भामरागडकडे निघाले होते. गाडींत तापानें फणफणलेला एक मुलगा होता, आणि त्यास हेमलकशाच्या दवाखान्यांत पोंचवावयाचें होतें. वाटेंत रात्र पडली. रपटा आला, खड्डा आला, कीं गाडी हळू करावी लागे. आणि गाडी हळू झाली कीं दिवे निखाऱ्यासारखे तांबडे पडत. पाऊस सुरू होऊन कांच पुसणारा वायपर लावतांच उरलासुरला उजेडही गेला. शेवटीं पुढें चाललेल्या एका मालमोटारीच्या मागल्या दिव्यावर नजर ठेवून त्यांनीं उरलेला रस्ता कसाबसा काटला. मुलगा वेळेवर पोंचला व बरा झाला. परंतु ती मालमोटार भेटली नसती तर काय झालें असतें, हा विचार स्नेह्यांच्या मनांतून जाईना.

परत आल्यावर एका दुकानदारानें त्यांच्यापुढें शंभर अँपिअरचा अल्टरनेटर ठेवला. "साहेब, एकदां हा बसवा, मग पाहणें नको," असें तो म्हणाला. स्नेह्यांनीं तो घेण्यापूर्वीं मला विचारलें, आणि जें मीं त्यांस सांगितलें तेंच आपणांसही सांगतों.

प्रथम रोग कोणता तें पाहूं. जुन्या मोटारींत वीज निर्माण करतो तो डायनॅमो. ह्यांत लोहचुंबक बाहेर स्थिर असतात आणि तांब्याच्या तारेचीं वेटोळीं मध्यें फिरतात. निर्माण झालेली सगळी वीज त्या फिरत्या भागावरून कार्बनच्या ब्रशांनीं उचलून घ्यावी लागते. फार वेगानें फिरविलें तर तीं वेटोळीं उसळून बाहेर येतील, म्हणून डायनॅमोला बेताच्याच वेगानें फिरवितात. परिणाम असा होतो कीं, इंजिन मंद चालत असतांना डायनॅमो जवळजवळ कांहींच वीज देत नाहीं. दिव्यांचा सारा भार बॅटरीवर पडतो. इंग्लंडांतल्या अनेक मोटारींत लुकास कंपनीचा सी-४० नांवाचा डायनॅमो असे. तो भर वेगांतही २२ अँपिअरच देत असे. मोकळ्या सडकेवर हें चालून जातें. जंगलांतल्या रस्त्यावर, जेथें तासन् तास दुसऱ्या गिअरमध्यें जावें लागतें, तेथें चालत नाहीं.

अल्टरनेटरची रचना नेमकी उलट असते. त्यांत चुंबक फिरतो आणि वीज देणारीं वेटोळीं स्थिर राहतात. ब्रशांवरून जातो तो चुंबकाला जागा ठेवणारा तीन-चार अँपिअरचा लहानसा प्रवाह. त्यामुळें त्यास इंजिनाच्या दुप्पट-अडीचपट वेगानें निर्धास्त फिरवितां येतें, आणि इंजिन मंद असतांही तो पुरेशी वीज देतो. ही वीज उलटसुलट वाहणारी असते; डायोड नांवाचे लहान अर्धवाहक तिला एका दिशेस वळवितात. असे स्वस्त व टिकाऊ डायोड मिळूं लागले तेव्हांच अल्टरनेटर सामान्य मोटारींत शिरला. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९६० च्या व्हॅलियंट गाडीस तो बसविला, आणि त्या दशकांतल्या पाँटिअॅक जीटीओसारख्या दांडग्या इंजिनांच्या गाड्यांतही तोच आला. त्या गाड्या आज हौसेनें जपणाऱ्या अमेरिकन गृहस्थांसही माझ्या स्नेह्यांचाच प्रश्न पडतो: बदली घ्यावयाचा तो किती मोठा घ्यावा?

ह्या प्रश्नाचें उत्तर दुकानांत नाहीं, घरीं कागदावर आहे. गाडींतील विजेचा खर्च मांडावा. पुढचे दोन मोठे दिवे साठ साठ वॅटचे, म्हणजे १२० वॅट. मागचे व बाजूचे लहान दिवे मिळून २५. ठिणगी देणारी कॉइल सुमारें ५०, आणि वायपर तितकाच. बेरीज २४५ वॅट झाली. गाडी बारा व्होल्टची आहे. बारांनीं भागिलें तर सुमारें वीस अँपिअर येतात. धुक्याचे दोन दिवे लावावयाचे असतील तर आणखी नऊ. म्हणजे भर पावसाच्या रात्रीं सगळें मिळून तीस अँपिअर लागतात. बॅटरी भरून काढण्यासाठीं दहा-पंधरा अधिक धरले, तरी पंचेचाळीस-पन्नास अँपिअरचा अल्टरनेटर ह्या जीपला भरपूर झाला.

मग शंभराचा घेतला तर बिघडलें कोठें? अल्टरनेटर मागणीपुरतीच वीज देतो हें खरें. परंतु बॅटरी पार उतरलेली असली म्हणजे तिची मागणी मोठी असते. शंभर अँपिअर म्हणजे चौदाशें वॅट. आणि त्यासाठीं इंजिनाकडून तीन अश्वशक्तींहून अधिक बळ एका अरुंद पट्ट्यानें ओढून घ्यावें लागेल. ह्या जीपमध्यें पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. पट्टा घसरूं लागला कीं वीज तर जातेच, शिवाय इंजिन तापतें. दुसरें असें कीं, जुन्या गाड्यांत चार्जिंगचा सारा प्रवाह समोरच्या फळीवरील कांट्याच्या अँमीटरमधून जातो. तो बहुधा तीस अँपिअरपुरता असतो. त्यांतून साठ-सत्तर गेले तर तारा वितळून आग लागण्याचें भय आहे. पन्नासाच्या अल्टरनेटरलाही ही जुनी वाट अपुरीच. त्याच्यापासून बॅटरीपर्यंत दहा चौरस मिलिमीटरची नवी तार फ्यूजसह टाकावी, आणि अँमीटरऐवजीं व्होल्टमीटर बसवावा.

तेव्हां अल्टरनेटर घेतांना चार गोष्टी विचाराव्या. पहिली, मंद वेगावर तो किती अँपिअर देतो? त्याच्यावर ठळक छापलेला आंकडा भर वेगावरचा असतो, आणि रपट्यावर भर वेग कोठला? दुसरी, पट्ट्याची पुली जुन्या पुल्यांच्या रेषेंत येते काय, आणि तिची खांच जुन्या पट्ट्याच्या रुंदीची आहे काय? तिसरी, चार्जिंगच्या दिव्याची तार जोडण्याची सोय आहे काय? एकाच तारेवर चालणारे कांहीं अल्टरनेटर इंजिन एकदां जोरानें फिरविल्यावांचून जागेच होत नाहींत. चौथी, त्याचे ब्रश आणि रेग्युलेटर आपल्या जवळच्या बाजारांत मिळतात काय? परदेशांतून मागविलेलें देखणें यंत्र भामरागडच्या वाटेवर बंद पडलें, तर त्याचें देखणेपण काय कामाचें?

गाडीची विद्युत्-व्यवस्थाही पाहून घ्यावी. दुसऱ्या महायुद्धांतल्या सामान्य लष्करी जीपा सहा व्होल्टच्या होत्या. त्यांस बारा व्होल्टचा अल्टरनेटर लावावयाचा तर बॅटरी, दिवे, कॉइल सगळेंच बदलावें लागतें. इंग्लिश बनावटीच्या जुन्या मोटारींत पुष्कळदां बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे. तेथें हल्लींचा अल्टरनेटर तसाच जोडला तर डायोड क्षणांत जळतात. इंजिन चालू असतां बॅटरी कधींही सोडवूं नये, आणि सांगाड्याला वेल्डिंग करावयाचें झाल्यास अल्टरनेटरच्या तारा आधीं काढून ठेवाव्या.

आणि एक गोष्ट ह्या सर्वांच्याही आधींची. डायनॅमो खरोखर मेला आहे काय? पट्टा ढिला असणें, सांगाड्याकडची जोडणी गंजणें, ब्रश झिजणें, अशा क्षुल्लक कारणांनींही तो गप्प बसतो. बॅटरीच्या टोंकांस मीटर लावून इंजिन मध्यम वेगानें चालवावें. बारा व्होल्टच्या गाडींत कांटा चौदाच्या आसपास आला तर यंत्र ठीक आहे. बाराच्या पुढें सरकलाच नाहीं तर रोग खरा.

माझ्या स्नेह्यांचा डायनॅमो बरा होता. मंद वेगावर वीज न देणें हा त्याचा दोष नव्हता, स्वभाव होता. म्हणून त्यांनीं पन्नास अँपिअरचा साधा अल्टरनेटर घेतला. जुना डायनॅमो मात्र मोडींत घातला नाहीं. त्याचे कंस, बोल्ट आणि कटआऊट यांसह तेलाच्या फडक्यांत गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून, तो वडिलांच्या लांकडी पेटींत ठेवला आहे. गाडींत कोठेंही नवें भोंक पाडलें नाहीं. त्यांच्या मुलानें मनांत आणलें तर एका दुपारींत जीप पुन्हां पूर्ववत् होईल.

अलीकडेच ते मला घेऊन रात्रीं त्याच वाटेनें गेले. पर्लकोटेच्या पुलाअलीकडे त्यांनीं गाडी उभी केली. इंजिन मंद गुरगुरत होतें, आणि समोर सागाच्या बुंध्यांवर पडलेला उजेड तसूभरही कमी झाला नव्हता. स्नेही कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फक्त वायपर लावून पाहिला, आणि समाधानानें बंद केला.

जुनी वस्तु जपणें म्हणजे तिला हात न लावणें नव्हे. तिचें बळ किती, तिची गरज किती, हें ओळखून तितकाच हात लावणें, हेंच खरें जपणें होय. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.