मोडक्या बंडीच्या लाकडांची पायरी-बाग



आपल्याकडे कोणाच्याही गोठ्यामागं डोकावून पाहा. मोडक्या बंडीच्या फळ्या, वखराचं झिजलेलं खोड, जुनं घर पाडताना निघालेल्या कड्या तिथं पडलेल्या असतात. थोड्या उधई खाते, बाकीच्या चुलीत जातात. याच लाकडांतून अंगणात भाजीसाठी तीन पायऱ्यांची मांडणी होते. मी दोन केल्या. पहिली फसली, तिची हकिकत आधी सांगतो.

पहिल्या वर्षी तिन्ही खोकी शेतातल्या काळ्या मातीनं काठोकाठ भरली. फुकटची माती, तीही कसदार! पावसाळ्यात ती फुगली आणि एका रात्री मधल्या खोक्याची पुढची फळी चुकांसकट उखडून अंगणात आली. सकाळी घरच्या मंडळींनी ऐकवलं, "जाळाले लाकडं नाहीत, अन् तुमी खोके करून राह्यले!" उरलेल्या खोक्यांत उन्हाळ्यात माती आकसली, कडेनं बोटभर भेग पडली आणि घातलेलं पाणी सरळ खाली. उसाच्या वावरात हे दरवर्षी पाहतो, खोकं भरताना मात्र आठवलं नाही.

आता मी काळी माती, वाळू, कुजलेलं शेणखत आणि कारखान्याचं प्रेसमड असं घमेल्याला घमेलं घेतो. प्रेसमड जुनं, पूर्ण कुजलेलं पाहिजे. ताजं कुजताना तापतं व मुळं भाजतं. वरून पाचटाचा थर द्यावा, म्हणजे ओल टिकते.

लाकडाचं म्हणाल तर फळ्यांना साग उत्तम, पण आतलं गडद लाकूड. बाहेरचं पांढरं लवकर किडतं. मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत जुन्या घरांतून असा साग अजून निघतो. (कोरकू बोलीत सागाला सिपना म्हणतात, तिथल्या सिपना नदीचं नावही तेच.) पायांना बाभूळ घ्यावी. तिच्यात चूक वाकते, म्हणून आधी गिरमिटानं भोक पाडावं. आंब्याची फळी स्वस्त, पण ओलीत टिकत नाही. जुना रंग लावलेली किंवा फवारणीचं औषध सांडलेली फळी भाजीला घेऊच नये. जळकं इंजिन ऑइल फक्त पायांना बाहेरून लावावं, आणि पाय दगडावर ठेवावेत. जमिनीला टेकले की उधई चढलीच समजा.

प्रत्येक खोकं चार फूट लांब, दहा इंच रुंद, नऊ इंच खोल. ओली माती भरल्यावर एकेकाचं वजन क्विंटलाच्या घरात जातं, तेव्हा पायांत आणि आडव्या पट्ट्यांत काटकसर नको. पायऱ्या सव्वा सव्वा फुटानं चढत्या. वरचं खोकं खालच्यावर दोन इंच पुढं आलेलं, किंचित पुढं उतरतं, आणि तळाची भोकं त्या पुढच्या कडेला. मग वर घातलेलं पाणी झिरपत तिन्ही पायऱ्यांना मिळतं.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या सभासदांनी मात्र इथं सांभाळावं. विहिरीचं खारं पाणी वापरलं तर मीठही पाण्याबरोबर खाली उतरतं आणि तळची पायरी आधी पिवळी पडते. छपराचं पावसाचं पाणी टाक्यात धरून तेच द्यावं. ते सरलं, तर प्रत्येक पायरीचं पाणी वेगळं बाहेर काढावं, एकीचं दुसरीत जाऊ देऊ नये.

वरच्या पायरीत सांभार आणि मेथी, मधल्या पायरीत मिरची, तळाला ओल आवडणारा पुदिना आणि धोपा, असं माझं चालतं. मांडणी भिंतीच्या पूर्वेला ठेवावी, म्हणजे दुपारनंतर सावली. अकोल्याचा पारा पंचेचाळीसवर गेला की टिनाच्या डब्यात रोप शिजतं. जाड फळीआड ते तग धरतं.